पेटी रिकामी होईना

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. चालत्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, किती चढले आणि किती उतरले हे मी तोंडपाठ सांगत असे. माझी मोजणी कधी चुकली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत ती रोज चुकली आणि बायकोने मला तोंडावर सांगितलं, "भगवंतराव, वय झालं तुमचं."

गोष्ट आमच्या घरातल्या पेटीची आहे. पेटी म्हणजे आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसला आडवा मोठा फ्रीझर. चिखलीतलं एक दुकान बंद झालं तेव्हा आमच्या लेकीने, पूनमने, तो आम्हाला घेऊन दिला. झाकणावर अजून अर्धवट खरवडलेला कुल्फीचा फोटो आहे. माझ्या बायकोने, सोजराने, त्यात कुल्फी कधी ठेवली नाही. तिने त्यात शेत ठेवलं. अमडापूरच्या शिवारात आमची तीन एकर आहे, परसात वांगी, शेवगा आणि वाल. तुरीच्या शेंगा हिरव्या असतानाच ती दाणे सोलते, त्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, आणि पिशव्यांत भरून गोठवते. मग हरभऱ्याचे सोले, मक्याचे दाणे, शेवग्याचा पाला, सीताफळाचा गर. आठवडी बाजारात ती जाते, पण लोकांनी घेतलेल्या भाज्या पाहून नाक मुरडायला. भाजी विकत आणणं म्हणजे तिच्या लेखी नाक कापून घेणं.

मला त्याचं कौतुकच होतं. आपण पिकवलेला दाणा वाया जात नाही, यात वाईट काय? पण मग तिचे गुडघे गेले.

संभाजीनगरच्या डॉक्टरने सांगितलं, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आता केलं नाही तर वर्षभरात ही बाई खाटेवरून उठणार नाही. पूनम तिथेच राहते. दोघांनी दीड महिना तिच्याकडे राहायचं ठरलं, तारीख मिळाली. सोजरा म्हणाली, "पेटीत इतकं सामान हाये. लाईन गेली तं सारं सडन. पेटी रिकामी होऊ द्या, मंग जाऊ."

दिवाळीनंतरची तारीख गेली. संक्रांतीनंतरची गेली. आता होळीनंतरचा मंगळवार मिळाला होता, आणि यापुढे ढकलाल तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरने पूनमला बजावलं होतं. रात्री कूस बदलताना सोजरा दात आवळून घ्यायची ते मला ऐकू यायचं. मी ठरवलं, पेटीच अडवते ना? मग पेटीच संपवू.

महिनाभर आधी मी पेटी मोजली. बासष्ट पिशव्या. रोज दोन संपवल्या तर एकतीस दिवसांत गाडी रिकामी.

आम्ही खायला लागलो. सोले-वांगी झाली, सोल्यांची आमटी झाली, मक्याचा उपमा झाला, शेवग्याच्या पाल्याची डाळ झाली. बाहेरची कोथिंबिरीची काडी घरात आली नाही. रोज दोन पिशव्या माझ्या डोळ्यांदेखत कापल्या जात होत्या. नवव्या दिवशी सकाळी मी झाकण उघडून मोजलं. आठ दिवसांच्या सोळा गेल्या, म्हणजे शेहेचाळीस पाहिजेत.

सत्तावन्न होत्या.

परत मोजल्या. सत्तावन्न. चष्मा पुसून मोजल्या, तर अठ्ठावन्न.

"अवं सोजरा, पेटीतल्या पिशव्या वाढून राह्यल्या."

"पिशव्या काय कोंबड्या हायेत का वाढायले?" ती म्हणाली. आणि त्यानंतर ते वयाचं वाक्य.

माझं डोकं चालेना. आधी वाटलं, मीच चुकलो. मग वाटलं, सुरुवातीला खालचा थर मोजला नसेल. खालचा थर काढून पाहिला, बोटं बधिर झाली, उत्तर मिळालं नाही. आता सोजरा परसातला नवा माल भरत असणार, हे कोणालाही सुचेल. मलाही सुचलं. पण पेटी रिकामी व्हायला पाहिजे ही तर तिचीच अट! स्वतःच्या अटीत स्वतःच कोण खोडा घालेल? म्हणून तो विचार मी सोडून दिला आणि दोन दिवस मांजरावर संशय घेतला. मांजर पिशव्या नेईल, आणून ठेवणार नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. इतका मी गोंधळलो होतो.

मग मी एक शहाणपणा केला. सोजरा दुपारी आडवी झाली की पेटीतल्या दोन-तीन पिशव्या डब्यात घालायच्या आणि शेजारीपाजारी देऊन यायच्या. "वानोळा हाये," म्हणायचं. घरच्या पिकातलं थोडं शेजाऱ्याला, सोयऱ्याला द्यायचं, तो वानोळा. त्याला कोण नाही म्हणणार? शेजारच्या मंजुळाबाईला तुरीचे सोले दिले. मागच्या आळीत मक्याचे दाणे दिले. देवळाजवळ सीताफळाचा गर दिला. चार दिवसांत दहा पिशव्या उडवल्या आणि मिशीवर ताव दिला.

पाचव्या दिवशी डबे परत येऊ लागले.

मी याच मातीत वाढलो, पण एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो, की आमच्याकडे कोणी भांडं रिकामं परत करत नाही. मंजुळाबाईच्या डब्यात हरभऱ्याचे सोले आले, तेही दाबून. मागच्या आळीतून वालाचे दाणे आले. देवळाजवळच्यांनी डबा लहान पडला म्हणून स्वतःचं पातेलं भरून वांगी पाठवली, म्हणजे आता ते पातेलं आम्ही भरून परत करायचं! सोजराने सगळं निवडलं, सोललं, वांगी अर्धी भाजून घेतली आणि पिशव्यांत भरून पेटीत ठेवलं. "लोक किती चांगले हायेत," ती म्हणाली. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

मी वानोळा बंद केला. तरी पिशव्या वाढतच राहिल्या. डबे परत यायचे थांबले, परसातली वांगी मी स्वतः तोडून गुरांपुढे टाकली, तरी होळीला दहा दिवस असताना पेटीत एकसष्ट पिशव्या होत्या. जवळजवळ तीन आठवडे दोन माणसं पोट फुटेस्तोवर जेवली होती आणि पेटीतून एक पिशवी कमी झाली होती. पूनमचा रोज फोन यायचा, "बाबा, झाली का तयारी?" मी काय सांगू?

त्या दिवशी सोजराचा पाय फार सुजला होता. मी म्हटलं, बस, आज पिशवी मी कापतो. वरची एक घेतली. हातात आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की ही पिशवी फार लहान आहे. आधी अर्ध्या किलोच्या असायच्या, आता एका वाटीच्या होत्या. म्हणजे तेच सामान जास्त पिशव्यांत वाटलेलं! माझी मोजणी चुकली नव्हती तर. मला क्षणभर आनंदच झाला. पण हे करायचं कशाला, ते काही कळेना.

पिशवी परातीत उपडी केली. दाण्यांबरोबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक चिठ्ठी पडली. बॉलपेनने, गोल अक्षरात लिहिलं होतं, "तुरीचे सोले. एक वाटी पाणी. दोन शिट्ट्या. मीठ मागून."

मी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. चव्वेचाळीस वर्षं ही बाई स्वयंपाक करते आहे. तिने कधी शिट्ट्या मोजल्या नाहीत, बोलता बोलता हात वर करून कुकर बंद करते. तिला कोण शिकवतंय? शिवाय अक्षर तिचं नाही. सोजरा चौथी शिकलेली, तिची ओळ कागदाच्या बाहेर जाते.

मी दुसरी पिशवी कापली. तिच्यातही चिठ्ठी. "शेवग्याचा पाला. पीठ पेरून करा. तिखट अर्धा चमचा, जास्त नाही. तुम्हाले खोकला येते."

आमच्या घरात तिखटाने खोकला एकाच माणसाला येतो, आणि तो मी.

अक्षर कोणाचं ते मी ओळखलं. मंजुळाबाईची सून पुष्पांजली बचत गटाच्या पाट्या लिहिते, त्याच गोल अक्षरात. मी चिठ्ठी घेऊन तसाच शेजारी गेलो. ती भाकरी थापत होती. चिठ्ठी पाहून तिचा हात थांबला.

"काकूनं कोणाले सांगू नको म्हटलं होतं, काका."

"मले सांग. पोरी, माझं डोकं फिरून राह्यलं."

"तुम्ही पारावर गेले का काकू मले बोलावत. त्या सांगत, मी लिहो. एका पिशवीत एका माणसाचं एक जेवण." ती तव्याकडे पाहत बोलत होती. "म्हणे, मी दवाखान्यातून नाही आली, तं ह्यायचे दिवस तुळशीरामभाऊजीवानी नाही जाले पाहिजे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी दोघांनाही ती उलटायचं सुचलं नाही.

तुळशीराम माझा साडू, मोताळ्याचा. सोजराची बहीण गोजरबाई तीन वर्षांपूर्वी अशाच ऑपरेशनला गेली. आपल्या पायांनी चालत गेली, येते म्हणाली, आणि तिकडे तिचं हृदय बंद पडलं. वर्षाने आम्ही तुळशीरामकडे गेलो तेव्हा स्वयंपाकघरात चहाचं पातेलं आणि टोस्टचा पुडा, एवढंच वापरातलं होतं. बाकीच्या भांड्यांवर धूळ. सोजराने ती सगळी भांडी घासून ठेवली होती आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलली नव्हती. मी तेव्हा शेजारच्या माणसाशी कापसाच्या गप्पा मारत होतो.

मी घरी आलो तो तणतणतच. सोजरा पाय लांब करून हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. शेजारी छोट्या पिशव्यांची चळत. मी चिठ्ठ्या तिच्यापुढे टाकल्या.

"पेटी रिकामी करा म्हणते, अन् तूच भरून राह्यली? काऊन?"

तिने चिठ्ठ्या पाहिल्या. आणखी दोन घाटे सोलले.

"रिकामी झाली तं जा लागन ना," ती म्हणाली. "मले जाचं नव्हतं. मले भेव वाटते. आजवर कोणाले सांगतलं नाही." मग पुढचा घाटा उचलत, "अन् जाच लागलं, अन् नाही आली, तं तुमचं कोण पाह्यन? लेकीकडं तुम्ही दोन दिवसांच्या वर टिकत नाही. इथं येसान एकटे, अन् चहा ढोसत बससान. साठ पिशव्या हायेत. दोन महिने तं निघतीन. तंवर तुम्हाले शिजवता येईन."

मला राग आला आणि रडूही आलं, आणि आधी काय आलं ते आजही सांगता येणार नाही. मला तिची भीती दिसली नव्हती, आणि मी मांजरावर संशय घेत बसलो होतो. लाज वाटली. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी ओरडतो.

"तुह्या मागं मी ह्या पिशव्या खाऊ? घास उतरन माह्या गळ्यातून?"

मी पेटीचं झाकण उघडलं. एक पिशवी फाडली, दुसरी फाडली, दोन्ही एका मोठ्या पिशवीत ओतल्या. चिठ्ठ्या बाहेर फेकल्या. पुढच्या दोन. पुढच्या दोन. गोठलेले दाणे फरशीवर टणाटण उडत होते.

"आवो, काय करून राह्यले? थांबा!"

"दोघांच्या करून राह्यलो. ह्या घरात एका माणसाचं जेवण ठेवाचं नाही."

"आवो, ते तुरीचे हायेत! ते हरभऱ्याचे! दोन्ही एकात कालवले!"

मी थांबलो. चष्मा कपाळावर होता आणि डोळ्यांपुढे धुकं होतं. बर्फ चढलेला, सगळंच हिरवं. पंधरा-वीस पिशव्या तरी मी कालवल्या होत्या. कोणत्या पिशवीत काय, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या पायाखाली ओल्या होऊन पडल्या होत्या.

सोजरा भिंतीला धरून उठली, लंगडत आली. एक पिशवी उचलून अंगठ्याने वरचा बर्फ पुसला, आत निरखून पाहिलं.

"तुरीले दोन शिट्ट्या लागतात, हरभऱ्याले एक पुरते. आता हे कसं शिजवसान?"

"मले काय मालूम? मले तं काहीच समजत नाही. महिन्यापासून समजत नाही."

"दाणा-दाणा निवडा लागन."

"निवडजो मंग. आल्यावर."

 मग त्या सुजलेल्या पायावर उभी राहून ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. फरशीवरचे दाणे मी वेचले, ते सुद्धा तिने वाया जाऊ दिले नाहीत. त्या रात्री आम्ही तूर आणि हरभरा मिसळून केलेली भाजी खाल्ली. तूर कच्ची होती.

होळीनंतरच्या सोमवारी आम्ही निघालो. पेटी रिकामी झालीच नव्हती. पंचवीस पिशव्या, सगळ्या दोघांच्या, मी तीनदा मोजल्या होत्या. मंजुळाबाईला किल्ली दिली, लाईन गेली तर पेटीवर गोधडी टाकायला सांगितलं. मी पिशव्या घेऊन रस्त्यावर आलो तरी सोजरा उंबरठ्याशीच उभी. मला वाटलं, झालं, आता परत फिरते. पण ती मंजुळाबाईला बजावत होती.

"हे एकटे आले ना, तं ह्यायले पेटी उघडू देजो नको. ह्यायले त्यातलं काही समजत नाही. मी आली का मीच उघडन."