सान यदनाची आई

“...नाटकमंडळींच्या बैलगाड्या जुंपून उभ्या होत्या. मी सोळा वर्षांची होते. बोचकं काखेला मारलं आणि उंबऱ्यापाशी आले. तेव्हा माझ्या आईनं...”

एवढं वाचून ओन टिन थांबली.

“काय केलं गं आईनं?” पलीकडच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

चिरुटांच्या कारखान्याचं ते लांबट छप्पर. खाली चटयांवर समोरासमोर बसलेल्या बायका. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, मक्याच्या सालीच्या सुरळ्या. हात चालू, जिभा गप्प, कान ओन टिनकडे. चिरूट वळायला डोळे लागत नाहीत, बोटांना सगळं दिसतं. म्हणून तर तिथं तो रिवाज पडला होता. एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी संध्याकाळी आपल्या सुपातली मूठभर चिरुटं तिच्या वाट्यात टाकायची.

ओन टिनचं बोट ओळीवर होतं. ओळ साधी होती, स्वच्छ छापलेली होती: माझ्या आईनं मला अडवलं नाही.

तिनं मान वर केली. समोर खांबाजवळ तिची मुलगी न्वे यिन बसली होती. तिचे हात थांबले होते.

“...आईनं,” घसा खाकरून ओन टिन म्हणाली, “आईनं आतून कडी घातली. म्हणाली, गेलीस तर मेलीस मला.”

बायका चुकचुकल्या. न्वे यिननं खाली पाहिलं आणि पुढचं पान उचललं.

आजवर वाचताना ओन टिननं एक शब्द गाळला नव्हता की पदरचा घातला नव्हता. पखोक्कूच्या बाजारात ऊ फो लाट नावाच्या लंगड्या म्हाताऱ्याचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. त्या दुकानातली नाटकातल्या, सिनेमातल्या माणसांची एखादीच जीवनकथा तिच्या वाचनातून सुटली असेल. तपकिरी कागदाची कव्हरं, कोपरे दुमडलेली पानं, समासात आधीच्या वाचणाऱ्यांचे शेरे – ‘बिचारी!’, ‘नवरा गाढव आहे’. कोण भाताच्या गिरणीत जन्मली, कोण पहिल्याच खेळात लुंगीत पाय अडकून आपटली, कोणाचा आवाज कुठल्या थंडीत गेला, सगळं तिला मुखोद्गत होतं. नवरा लाकडांचे तराफे घेऊन नदीनं खाली गेला तो परत आलाच नाही, तेव्हा न्वे यिन तंबाखूच्या पाटीत निजण्याएवढी होती. पाटीला झोका देत ओन टिन वाचायची, आणि वाचायला नसलं की गुणगुणायची:

इरावतीच्या पाण्याला, कोण घालील दावण
आज माझ्या गं दारात, उद्या परकं अंगण

त्या पाटीतलं पोर आता एकोणीस वर्षांचं झालं होतं. गावात कुणाच्या मुलाची दीक्षेची मिरवणूक निघाली की पुढं नाचायला तिलाच बोलवत.

यंदा पॅगोड्याच्या जत्रेला मंडालेहून मोठी नाटकमंडळी आली. सगळ्या गावाला नाटकाचं वेड लागलं. बायका म्हणाल्या, “मावशी, सान यदनाचं पुस्तक आण ना. नाचाची राणी होती म्हणे.” ओन टिन हौसेनं पुस्तक आणायला गेली, तर कव्हरावरची धूळ झटकत ऊ फो लाट म्हणाला, “तुझी लेक त्या मांडवात बरी रमलीय हो. त्यांची एक पोरगी आजारी पडून घरी गेली. नाचणारी शोधतायत.”

“बघायला जात असेल,” ओन टिन म्हणाली.

“बघायला लोक समोरून जातात. ही मागल्या बाजूनं जाते.”

त्या दिवसापासून ओन टिनच्या जिवाला थारा नव्हता. विचारावं तर उत्तर मिळेल ही भीती. न विचारावं तर संध्याकाळ झाली की जत्रेच्या पटांगणातून ढोलांचा आवाज यायचा, आणि भात शिजत असताना न्वे यिनची टाच आपोआप जमिनीवर ठेका धरायची. ओन टिन उठायची, पाण्याचा माठ हलवून पाहायची, पुन्हा बसायची. धुतलेली लुंगी पुन्हा धुवायची. दोघी जेवायच्या, भातावर आमटी वाढून घ्यायच्या, मिरच्या महागल्याचं बोलायच्या. नाटकाचा विषय दोघींच्या मधे झाकल्या भांड्यासारखा असायचा.

मग तिनं ती कडी घातली. आणि एकदा कडी घातल्यावर पुढचं पुस्तक सरळ वाचता येईना.

सान यदना मंडळींबरोबर गेली ती आईचा शाप घेऊन, असं ठरलं. पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या मुक्कामाला तिला भाताबरोबर तळलेली मासळी मिळाली आणि ती रात्रभर आनंदानं झोपली नाही. ओन टिननं वाचलं की तिला उपाशी ठेवलं. पुस्तकात मोंयवा गावच्या लोकांनी फुलं टाकली, ओन टिनच्या तोंडून मोंयवात तिला हिवताप भरला. मालकानं पगार खाल्ला. पायात खिळा घुसला. बरोबरीच्या नाचणाऱ्यांनी तिचा पंखा लपवला. तिचं बोट छापील ओळींवरून सरकत असायचं आणि तोंड भलत्याच वाटेनं चाललेलं असायचं.

बायका मात्र खूश होत्या. बाहीआड नाक ओढत ऐकायच्या. फक्त प्वाआजी, तोंडात दोन दात आणि त्या दोघांत विझलेलं चिरूट, ती म्हणाली, “काय गं ओन टिन, ही नाचाची राणी की रोगांचं दुकान? नाचली कधी मग?”

“नाचेल की. पुढं आहे.”

“लवकर नाचव बाई. माझं वय बघ.”

सगळ्या हसल्या. न्वे यिनही हसली. तेवढ्यात ओन टिनला तिच्या हसण्यात काहीतरी दिसलं, पण काय ते तिला नीट धरता आलं नाही.

जत्रा उठली. नाटकाचा मांडव उतरला, बांबू मोकळे झाले. दुपारच्या बोटीनं मंडळी जाणार हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. सकाळी ओन टिन अंगणात सहाणेवर थनाखाचं, गालांना लावायचं सुवासिक खोड उगाळत बसली होती. न्वे यिन न्हाऊन समोर येऊन बसली, गाल पुढं करून, लहानपणी बसायची तशी.

“आई, आज तिला काय होणारंय?”

“कुणाला?”

“सान यदनाला. ताप झाला, खिळा झाला. आज डोळे जातील का?”

खोड सहाणेवर थांबलं.

“पुस्तकात आहे ते वाचते मी.”

“ते पुस्तक मी गेल्या पावसाळ्यातच आणलं होतं. दोनदा वाचलंय.”

कोंबडी अंगणातून तुरुतुरु गेली. ओन टिननं तिला उगाचच हुसकलं.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“ऐकत होते. तू पुस्तकापेक्षा बरं सांगतेस. मोंयवाच्या तापाला तर मलाच रडू आलं. खोटंय माहीत असून.”

“चेष्टा करतेस आईची?”

“नाही गं.” न्वे यिननं तिच्या हातातलं खोड काढून घेतलं आणि स्वतः उगाळायला लागली. “दुसऱ्यांच्या आया पोरींना भुताच्या गोष्टी सांगायच्या. तू सांगायचीस कोण कुठल्या गाडीत बसून कुठल्या गावी नाचायला गेली. पाटीत होते तेव्हापासनं सांगतेस. तूच मला तिथं नेऊन सोडलंस. आणि आता दार लावतेस.”

“ती पुस्तकातली माणसं असतात, पोरी. आपण वाचायची असतात.”

“त्यांना पण आया होत्याच की.”

ओन टिनला बोलायचं होतं की तुझा बाप असाच गेला. बोलायचं होतं की माझ्या घरात तुझ्याशिवाय आवाज कुणाचा आहे.

“तू नको म्हणालीस तर राहीन,” न्वे यिन म्हणाली. “खरंच राहीन. बोचकं सोडून टाकीन. पण तुझ्या तोंडानं म्हण. त्या बाईच्या आईला मधे घालू नको.”

ओन टिननं सहाणेवरचा गंध बोटांवर घेतला आणि मुलीच्या गालांवर लावला, आधी उजवा, मग डावा. कपाळावरचं वाकडं लागलं, तेवढं पुसून पुन्हा लावलं. “चल,” म्हणाली, “उशीर होतोय.”

कारखान्यात दोघी आपापल्या जागी बसल्या. न्वे यिनचं बोचकं खांबाला टेकून ठेवलेलं होतं. सगळ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं नाही.

ओन टिननं पुस्तक उघडलं आणि पानं उलट्या बाजूला चाळायला लागली.

“पुढं गं, पुढं,” प्वाआजी म्हणाली. “काल कुठं जखम भरत आली होती.”

“आज मागं जायचंय. एक पान माझ्याकडून चुकीचं वाचलं गेलं.”

“मागं? म्हणजे पुन्हा ताप?”

“ऐका तरी,” ओन टिन म्हणाली. तिनं बोट ओळीवर ठेवलं, आणि या वेळी तोंड बोटाच्या मागून चाललं.

“...माझ्या आईनं मला अडवलं नाही. बोचकं माझ्या हातून घेतलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. गाडीपर्यंत ती पुढं, मी मागं. वाटेत एक शब्द बोलली नाही. बोचकं गाडीत ठेवलं, गाठ ओढून पाहिली आणि माघारी फिरली. ती वळून बघेल म्हणून मी बघत राहिले. ती वळली नाही. पुढं पुष्कळ वर्षं मी तिच्यावर रुसले होते. तिला माझं काही वाटलंच नाही, असं धरून चालले होते. मला मुलगी झाली तेव्हा समजलं. वळली असती, तर तिनं मला जाऊ दिलं नसतं.”

“अन् कडी?” प्वाआजीनं तोंडातलं चिरूट काढलं. “दाराची कडी कुणी घातली मग?”

“कडी मी घातली,” ओन टिन म्हणाली.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू खांबाकडे वळल्या, जणू आत्ताच ते बोचकं तिथं उगवलं होतं.

न्वे यिन उठली. मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, लुंगीवरची तंबाखू झटकली आणि रांगेच्या मधून चालत आईपुढं आली. गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ जमिनीला लावलं. एकदा, पुन्हा एकदा, आणि पुन्हा. निघताना थोरांना असाच नमस्कार करायचा असतो, आणि थोरांनी वर आशीर्वाद बोलायचा असतो. तो बोलल्याखेरीज खाली वाकलेल्यानं उठायचं नसतं.

सगळ्या वाट बघत राहिल्या. ओन टिनच्या ओठांवर आशीर्वाद येईना. इतके दिवस ताप, खिळे, शाप, सगळं न अडखळता सुचलं होतं. आयुष्यभरात वाचलेल्या कितीतरी आयांची कितीतरी निरोपाची वाक्यं तिला ठाऊक होती. त्यातलं एकही पुढं येईना. खाली मुलीची वेणी पाठीवरून घसरून मातीला लागत होती. तिनं वाकून ती वेणी उचलली आणि खांद्यावर ठेवली.

“बोटीत कडेला बसू नको,” ती म्हणाली.

“नाही बसत.”

“नाचून घामेजलीस की लगेच गार पाणी नको पिऊ.”

“नाही पीत, आई.”

“ऊठ मग.”

न्वे यिन उठली. बोचकं उचललं. दारापाशी एक क्षण तिची पावलं रेंगाळली. बायकांच्या सगळ्या माना तिकडे वळल्या. एकट्या ओन टिनची मान पुस्तकात होती.

मग दारातला उजेड मोकळा झाला.

न्वे यिनच्या सुपात एक पान अर्धवट वळलेलं राहिलं होतं, सैल पडून उलगडायला लागलं होतं. प्वाआजी गुडघ्यांवर हात देत उठली, तिकडे गेली, ते उचललं, दोन बोटांत दाबून घट्ट वळलं, दोऱ्यानं बांधलं आणि बाकीच्या चिरुटांत ठेवून दिलं.

“वाच,” आपल्या जागेवर परत बसत ती म्हणाली. “पुढं काय झालं ते वाच. पुस्तकात असंल तसं.”

ओन टिननं पान उलटलं. “पहिल्या मुक्कामाला आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाकीणबाईनं मला भाताबरोबर तळलेली मासळी वाढली, आणि...”

नदीकडून बोटीचा भोंगा आला. लांबलचक, मग एक तुटका. बायकांच्या बोटांत पानं फिरत होती.

ओन टिनचं बोट ओळीवरून सुटलं होतं. ते तिनं शोधून पुन्हा जागेवर ठेवलं.

“पहिल्या मुक्कामाला आम्ही पोचलो तेव्हा,” तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, “स्वयंपाकीणबाईनं मला भाताबरोबर तळलेली मासळी वाढली...”

हे वाक्य आत्ताच झालं, असं कुणीही म्हणालं नाही.