प्रस्थान ठेवल्यावर

आम्ही चार दिवस युरोपात गेलो तर सगळ्यांत जास्त फायदा शेजारच्या वझेकाकूंचा होता. आमची उन्हाची गॅलरी त्यांच्या कुरडयांना मिळणार, पेपर फुकट मिळणार आणि आमचं कपाट सावकाश बघायची हौसही फिटणार. म्हणून त्याच म्हणाल्या, "शहराचं काय, नंतर ठरवा. गुरुवारी मुहूर्त आहे, प्रस्थान तर ठेवून टाका."

मुहूर्तावर सुपारी, तांदूळ आणि अंगावरचा एखादा कपडा बांधून शेजारी नेऊन ठेवला की प्रवास सुरू झाला असं धरतात. माझ्या बायकोने, मृदुलाने, गुरुवारी सकाळी आमचं गाठोडं काकूंच्या देवापुढे ठेवलं आणि आम्ही गेलो. गेलो म्हणजे घरी येऊन सोफ्यावर बसलो, पण गेलेलो होतो. दाराला बाहेरून कुलूप होतं.

दुपारी काकू किल्लीने दार उघडून आत आल्या. दार लगेच लावून घेतलं, कुरडया पसरल्या आणि फोन कानाला लावून माझ्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीत मी होतो. "गेले हो दोघं," त्या बहिणीला सांगत होत्या. "कुठे ते नाही बोलले. आतल्या गाठीचे."

"फार जड आहेत का?" मृदुलाने विचारलं.

"काहीच लागत नाहीये."

"त्यांना वजन नाही, का तुला मांडी नाही?"

तिचे पाय घोट्यापर्यंत दिसेनासे झाले होते. ती खाली बघून म्हणाली, "नंदन, निघालोय आणि पोचलो नाही, असं किती टिकणार? पटकन ठरवू या. प्राग."

प्राग आलं. पूल येऊन आमच्या गॅलरीच्या कठड्याला टेकला, पुतळ्यांसकट, मागे सगळं शहर. मृदुलाने कठड्यावर हात ठेवला.

"थांब," मी म्हणालो. "व्हिएन्ना बघू की. एकदाच जायचंय." मी मेथीच्या पहिल्या जुडीलाही कधी हात लावत नाही.

पूल आवाज न करता मागे गेला. व्हिएन्ना आलं ते एका रस्त्यापुरतं. घोडागाडीचा घोडा मान घालून कुरडया हुंगू लागला.

"चल," मृदुला म्हणाली.

"इथे तुझे खायचे हाल होतील."

"चार दिवस पाव खाईन."

"लिस्बनला समुद्र पण आहे. तेवढ्याच खर्चात."

लिस्बन आलं तेव्हा त्यात एक जिना होता, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी आणि बादलीभर समुद्र. मृदुला आता गुडघ्यांपासून वरच उरली होती.

"कळतंय का तुला? दरवेळी लहान होऊन येतंय."

"म्हणजे भाव उतरतोय," मी म्हणालो. "अजून थोडं ताणू."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाच्या खरेदीत, साड्यांच्या दुकानातून मी तिला तिसऱ्यांदा बाहेर काढलं होतं, तेव्हा तिने असंच बघितलं होतं. लिस्बन गेलं. काकूंनी उठून कुरडया उलटल्या, आमच्या फ्रिजमधलं लोणचं चाखलं आणि "मीठ कमीच घालते ही," असं म्हणत त्या निघून गेल्या. मृदुलाने तिकडे लक्षही न देता दोन्ही हात कठड्यावर ठेवले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"बरं, तू म्हणशील ते," मी म्हणालो.

मग जे आलं, त्याचं नाव आमच्यापैकी कुणीच घेतलं नव्हतं. ओला दगडी फरसबंद चौकोन, दिव्याचा खांब, गोल टेबल आणि एक खुर्ची.

"हे चालेल," मृदुला म्हणाली.

"अगं, नाव तरी विचार!"

ती कठडा ओलांडून गेलीसुद्धा. मागोमाग मी पाय टाकला. माझ्या पायाखाली शहर नव्हतं. ते तिच्या खुर्चीपाशी संपत होतं, आणि मागे सरकत होतं. कठड्याला धरून मी हाक मारली.

खुर्चीत बसल्यावर तिचे पाय परत आले. तिने ते एकमेकांवर घासून ऊब आणली. वेटर आला. तिने दोन बोटं दाखवली आणि त्याने दोन कॉफी आणून ठेवल्या. ती पहिली सावकाश प्यायली. मी उभा होतो तिकडे बघितलं, भिंतीकडे बघावं तसं, बराच वेळ. दुसरी गार झाल्यावर तिने तीही ओढून घेतली. मग पर्स उघडून दोन्हींचे पैसे दिले.