शंभर टक्के दृष्टी

आमचे मुख्याध्यापक शंभर टक्क्यांचे भोक्ते. हजेरी शंभर टक्के, निकाल शंभर टक्के. पाठीमागे मुलं त्यांना ‘शंभर टक्के’ असंच म्हणतात. विद्यापीठाने खेड्यातल्या शाळांशी भागीदारी करून ‘निरोगी किशोरवय’ नावाचं प्रकरण सुरू केलं, तेव्हाच पुढचं सगळं मी ओळखायला हवं होतं.

विद्यापीठातली माणसंही काही कमी हुशार नव्हती. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता त्यांनी पंधरा दिवस आधीच पाठवून दिला, मुलांची भीती मोडावी म्हणून. म्हणजे परीक्षेआधी पेपर घरपोच! मुख्याध्यापकांनी तो माझ्या नववीच्या वर्गात टांगला. “बाई, एकही पोरगं अडखळता कामा नये. सगळ्या शाळांत आपला पहिला नंबर यायला हवा.”

“सर, डोळ्यांची तपासणी आहे ही. पाठांतराची नाही.”

“मग? तयारी करून घ्यायला काय हरकत आहे?”

हा माणूस पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. आणि मी? मी मान डोलावली. रोज पहिल्या तासाला पाढ्यांसारखी ती अक्षरं म्हणून घेतली. कणा घरी ठेवून शाळेत यायचं मला आता छान जमतं.

त्याच वर्गात माझी भाची होती. तिला फळ्यावरचं दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. शेजारणीच्या वहीतून उतरवायची, आकडे चुकायचे आणि गणितात गटांगळ्या. माझा भाऊ तिची शाळा बंद करून तिला शिवणयंत्रावर बसवायला निघाला होता. डॉक्टरकडे ने म्हटलं, की ‘अभ्यास टाळायचे बहाणे’ म्हणायचा. मी त्याला कसंबसं थोपवलं होतं. “दादा, तपासणी तरी होऊ दे.”

“ठीक आहे. विद्यापीठवाले डोळे अधू म्हणाले, तर शिकवतो,” तो म्हणाला.

तपासणीच्या सकाळी मी तिला बाजूला घेतलं. “दिसेल तेवढंच वाच हं.”

“हो, आत्या.” शाळेत ती मला बाई म्हणते; घाबरली की आत्या.

विद्यापीठाच्या मॅडम आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, सोबत फोटोवाला. मुख्याध्यापक तक्त्याशेजारी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. भाचीचा नंबर आला. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून टाकलं. चाळीस मिनिटांत अख्खा वर्ग गरुडाच्या नजरेचा निघाला. मॅडमना त्यात काही वावगं दिसलं नाही. ‘फारच उत्साहवर्धक’ म्हणत त्यांनी प्रमाणपत्रं वाटली.

मी त्यांना गाठलं. “त्या मुलीला पुन्हा तपासा. तिने पाठ केलंय सगळं.”

“डेटा वर गेला हो,” त्या टॅब मिटत म्हणाल्या. फोटोत मात्र मला आग्रहाने मधोमध उभं केलं.

संध्याकाळी भावाकडे गेले, तर प्रमाणपत्र त्याच्या हातात. “हे बघ, डोळे उत्तम. विद्यापीठानंच लिहून दिलंय. म्हणजे खोट डोक्यातच आहे. सोमवारपासून शिवणकाम.”

पोर दाराशी मान खाली घालून उभी होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच उठले, शाळेत जाऊन तक्ता काढून आणला आणि अंगणापलीकडच्या भिंतीवर टांगला. अक्षरं भिंतीकडे, कोरी बाजू आमच्याकडे.

“दादा, इकडे ये. आणि तू वाच गं.”

तिने डोळे बारीक केले, भिंतीच्या दिशेने बघितलं आणि सुरुवात केली. “ग. प, न. र, व, ट. म, ल, च, स...” शेवटच्या ओळीपर्यंत गेली. एक अक्षर चुकलं नाही. म्हणून झाल्यावर शाबासकीसाठी बापाकडे बघून हसली.

दादा त्या कोऱ्या कागदाकडे बघतच राहिला. मग त्याने विचारलं, “हे कोणी शिकवलं तिला?”

“मी,” मी म्हणाले.