लोलक कुणाचं ऐकतो?

शनिवारी सकाळी दहाला विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण केंद्राचं सभागृह ओसंडून वाहत होतं. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली. उन्हाळी वर्गांच्या यादीत मातीकाम होतं, छायाचित्रण होतं, ज्येष्ठांसाठी संगणक होता. तिथे कशीबशी पाच-सात डोकी जमायची. इथे मात्र पाय ठेवायला जागा नाही! वर्गाचं नाव होतं, 'लोलकविद्या : शरीराचा आवाज ऐका'.

मंचावर एक टेबल, त्यावरून जमिनीपर्यंत लोंबणारं निळं मखमली कापड. वर पितळी स्टँड आणि त्याला दोऱ्याने टांगलेला चकचकीत लोलक. टेबलामागे स्वतः लोलकाचार्य. एका गृहस्थांनी आपल्या मुलीचा फोटो लोलकाखाली ठेवला. तिला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती. पाठवावं की नाही?

"माझे हात बघा, वर! वारा नाही, वायर नाही. विश्वलहर पेशीलहरीला भेटते आणि तिची महालहर होते!" आचार्यांनी डोळे मिटले. "सांग, महालहरी!"

लोलक हलला. आधी जेमतेम, मग चांगला डावी-उजवीकडे झुलू लागला. सभागृहभर 'आऽ' झालं.

"नाही म्हणतोय. पाठवू नका."

गृहस्थांनी मान डोलावली. एका मुलीची नोकरी दीड मिनिटात निकालात निघाली.

"आणि या आपल्या ताई!" आचार्यांनी शेजारी बसलेल्या पासष्टीच्या बाईंकडे हात केला. "यांना स्टँडचीही गरज नाही. यांच्या बोटांत देणगी आहे देणगी!"

बाईंनी बोटांत दोरा धरला आणि त्यांचाही लोलक झुलू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत बसलेल्या घड्याळकाकांच्या पोटात दुखू लागलं. त्या ताई म्हणजे त्यांची बायको होती.

काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. हजारो लोकांनी त्यांचा आवाज ऐकला, चेहरा कुणी पाहिला नाही. निवृत्तीनंतर काकाच म्हणाले होते, "घरात बसून काय करणार? केंद्रात जाऊन काहीतरी शीक." आता त्या शिकत होत्या आणि घरातलं प्रत्येक वाक्य 'आचार्य म्हणतात'ने सुरू होत होतं. आचार्य म्हणतात, ताई, तुमचा आवाज किती गोड! आचार्य म्हणतात, ताई, तुम्ही आजवर होतात कुठे?

'होती कुठे म्हणजे? माझ्या घरात होती!' काका मनातल्या मनात धुमसत. एकदा तर त्यांनी आरशासमोर उभं राहून आचार्यांसारखे केस मागे फिरवून पाहिले. पण फिरवायला केस होते कुठे?

गोष्ट जळफळाटापर्यंतच राहिली असती तर काकांनी ती गिळली असती. पण काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या लोलकाखाली धरल्या, लोलक 'नाही' म्हणाला आणि गोळ्या बंद झाल्या. त्याला अकरा दिवस झाले होते. रविवारी जिना चढताना त्या मध्येच थांबल्या आणि कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"अगं, डॉक्टरांना तरी विचार."

"विचारायचं काय? माझ्या स्वतःच्या हातात रोज 'नाही' येतं. तुम्हाला ना, माझं कुणी कौतुक केलेलं बघवत नाही."

ते खरं होतं.

त्याच दुपारी काकूंचं मनगटी घड्याळ त्यांच्या हाती आलं. ते जुनं चावीचं घड्याळ, काका स्वतः लावून देत. गेले काही आठवडे ते प्रत्येक शनिवारनंतर पंचवीस-तीस मिनिटं पुढे पळत होतं. 'वर्गाला लवकर पोचायचं म्हणून हीच काटे पुढे करत असणार!' या संशयाने काकांनी ते रागारागाने उघडलं. भिंग डोळ्याला लावलं आणि राग जागच्या जागी थिजला. केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते. तेलाचा थेंबही लागलेला नव्हता; मग कारण एकच उरलं. घड्याळ जोरदार चुंबकाजवळ गेलं होतं.

घरात तर चुंबक नव्हतं. मग काकूंचा डावा हात शनिवारी कुठे असतो? आचार्यांच्या टेबलावर, फोटो धरून. काकांना इतका आनंद झाला की त्याची त्यांना लाजही वाटली.

सोमवारी ते केंद्राच्या संचालिकाबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अवघडून म्हणाल्या, "काका, लोक म्हणतील तुम्ही जळता."

"जळतोच. पण घड्याळ कशाला जळेल?"

बाई हसल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

आचार्यांची महालहर रंगात आली होती, तेवढ्यात काका मंचावर चढले. त्यांच्या हातात घड्याळजीचा पोलादी चिमटा होता.

"आचार्य, जरा उभे राहता का?"

"काका, लहर मोडेल!"

"मोडू दे. मी दुरुस्त करतो."

लोक हसले. संचालिकाबाई म्हणाल्या, "उभे राहा ना, काय हरकत आहे?" आचार्य कुरकुरत उठले. काकांनी चिमटा त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ नेला. खट्! चिमटा पँटला चिकटला आणि तसाच लोंबत राहिला.

क्षणभर कुणाला काही कळेना. काकांनी लोलक सोडवून तिथेच नेला; तोही चिकटला. वरून पितळी मुलामा, आत लोखंड. "गुडघ्याला चुंबक बांधलंय. कापडाखाली पाय हलला की वर विश्व हलतं."

नोकरीवाल्या मुलीचे वडील ताडकन उठले. "अहो, मी पोरीला नाही म्हणून कळवलं ना!"

आचार्यांना घाम फुटला, पण जीभ शाबूत होती. "चुंबक फक्त लहरीचा ध्वनिक्षेपक आहे! आणि ताईंचं काय? त्यांच्या गुडघ्याला काय बांधलंय? हा माणूस बायकोवर जळतो, बस्स!"

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी काही बांधलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझा लोलक खरोखर हलतो."

"हलतो," काका म्हणाले. "तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. फक्त एकदा न बघता विचार त्याला."

खालच्या मजल्यावर मुलांचं विज्ञान शिबिर चालू होतं. तिथून संचालिकाबाईंनी दहा सारख्या डब्या आणल्या. बाहेर जाऊन पाच डब्यांत काकांनी खिशातून आणलेल्या काकूंच्या गोळ्या आणि पाचांत पेपरमिंट कापसात दाबून भरलं, झाकणांच्या आत खुणा केल्या. मग शिबिरातल्या शिक्षकाने डब्या ढवळून मंचावर मांडल्या. कशात काय आहे हे सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं.

आधी काकूंनी उघड्या गोळ्यांवर लोलक धरला : नाही. उघड्या पेपरमिंटवर : हो. दहाच्या दहा वेळा तसंच. मग बंद डब्या. प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहिलं गेलं. झाकणं उघडली, तेव्हा चार बरोबर होती, सहा चूक.

"नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं," संचालिकाबाई हळूच म्हणाल्या.

काकूंनी लोलक टेबलावर ठेवला. "म्हणजे उत्तर मीच देत होते? पण मी मुद्दाम हलवत नव्हते हो."

"मुद्दाम नाहीच," काका म्हणाले. "मनात उत्तर असलं की बोटं केसभर हलतात, आपल्या नकळत. लांब दोऱ्याच्या टोकाला त्या केसभराचा झोका होतो. गोळ्यांचा तुला मुळातच कंटाळा आला होता. लोलकाने तेवढंच सांगितलं."

आचार्य मागच्या दाराने निघाले होते. संचालिकाबाईंनी त्यांना कार्यालयात बसवून घेतलं.

लोक पांगले. जिन्यात काकूंनी विचारलं, "खरं सांगा. हे माझ्यासाठी केलंत की त्याच्यावर जळून?"

"आधी जळून," काका म्हणाले. "तू जिन्यात थांबलीस, त्यानंतर तुझ्यासाठी." एक पायरी उतरून ते म्हणाले, "आवाज गोड आहे तुझा. मी कधी बोललो नाही."

"नाहीच बोललात," काकू म्हणाल्या. त्या रुसल्या होत्याच, पण दोघं तिथून थेट डॉक्टरांकडे गेले आणि दुपारीच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

काका जळत होते म्हणून ते चूक ठरले नाहीत आणि काकू प्रामाणिक होत्या म्हणून त्या बरोबर ठरल्या नाहीत. सांगणारा कोण आहे, किती गोड बोलतो, किती लोक टाळ्या वाजवतात, यावर खरं-खोटं ठरत नाही. ते तपासूनच ठरतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, नमस्कारही करू नका. डब्या बंद करा आणि पुन्हा विचारा.