जाळ्यात आलेली सत्ती-दुर्री

भाविका जिंकली आणि बोटीवर तिची जागा पक्की झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी अजून पत्तेच पिसतोय.

मासेमारीबंदीचे दिवस. बोटी धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून झोपलेल्या. माझी बहीण भाविका हिला यंदा खलाशी म्हणून समुद्रात जायचं होतं. बोट नारूकाकांची. ते म्हणाले, "पोकरमध्ये मला हरव, मग बघू." पोकर त्यांना मीच मोबाइलवर शिकवलेला. त्यानंतर ते मला रोज हरवतात, म्हणजे शिक्षक म्हणून मी उत्तम आहे.

खेळ सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते, मग मध्ये पाच उघडे. पैशांच्या जागी शिंपल्या. आपले दोन पत्ते बघून ठरवायचं: लढायचं, की पॅक करून एका शिंपलीवर सुटायचं.

काका पॅक करत नाहीत. जाळ्यात आलेलं परत टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून आमच्या ओट्यावर समुद्रातून आलेलं एक हेल्मेट आहे आणि पाय नसलेली प्लॅस्टिकची खुर्ची. काका त्या खुर्चीत बसतात. असतात जमिनीवरच, पण मान राखून.

भाविकाला चौकी-नव्वी आली. पॅक. तिर्री-अठ्ठी. पॅक. गुलाम-पंजी. पॅक.

"पोरी, खेळायला आलीस की पत्ते मोजायला?" काका म्हणाले. एका डावात त्यांना दुर्रीवर दुर्री लागली, तेव्हा तर ते हेल्मेट घालूनच बसले.

भाविकाची वाटी रिकामी होत आली. बोट गेल्यातच जमा होती. तेवढ्यात तिला दोन राण्या आल्या.

"सगळ्या," ती म्हणाली आणि उरलेल्या शिंपल्या पुढे सरकवल्या.

काकांच्या हातात सत्ती-दुर्री. पोकरमधली सगळ्यात भिकार जोडी. "आलेलं टाकायचं नाही," म्हणत त्यांनी तेवढ्याच शिंपल्या लावल्या. मध्ये सत्ती उघडली. काका खुर्चीसकट उठले. मग छक्की, दश्शा, एक्का. शेवटचा पत्ता मी डोळे मिटून उघडला. चौकी. सत्त्यांच्या जोडीपेक्षा राण्यांची जोडी मोठी; राण्या जागच्या हलल्या नाहीत.

पुढच्या डावांतही तसंच. ती वाट बघायची, काका सगळं ओढायचे. संध्याकाळी काकांची वाटी कोरडी.

"पॅक करायला तुला कोणी शिकवलं?" काकांनी विचारलं.

"काकीने. माशांची टोपली निवडते तेव्हा मी शेजारीच असते."

सोनूबाईकाकी बाजूलाच सुके बोंबील उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या जाळ्यातला कचरा काय आपोआप जातो वाटतं?"

काकांनी हेल्मेट काढलं. बराच वेळ पुसलं आणि भाविकाला दिलं. "बोट सुटेल त्या पहाटे ये. उशीर केलास तर थांबणार नाही."

बोट सुटायच्या आदल्या रात्री ती झोपली नाही. मीही नाही, कारण तिच्या सोबतीला मीही जाणार, मला बोट लागते आणि हे तिला अजून माहीत नाही.

तरी अरबी समुद्र महोदयांस नम्र विनंती, की सदर नवीन खलाशाच्या पहिल्या फेरीनिमित्त, तसेच तिच्या भावाच्या पोटाचा सहानुभूतीने विचार करून, लाटांचे कामकाज दुपारपर्यंत तहकूब ठेवावे व तसे लेखी कळवावे.