मागचा ढीग

घरात तिला सगळे तोफ म्हणत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ एवढं सांगायचं असलं तरी ती आधी घसा खाकरून घेई. त्यामुळे ऐन फवाऱ्यांच्या चाचणीच्या दिवशी बाबांच्या बोगद्यातल्या निरीक्षक काकांचा आवाज बसला, तेव्हा तिला वाटलं, नशीब पायघड्याच घालतंय.

बोगदा जुना, वाहतूक बंद झालेला. छताला बाबांनी बसवलेले पाण्याचे फवारे. खाली लाकडी फळ्यांचा मोठा ढीग, त्यावर पत्रा. हा जळता ट्रक समजायचा. थोडं अंतर सोडून दुसरा ढीग. हा मागे अडकलेला ट्रक. पुढचा पेटवायचा आणि फवारे सोडायचे. पुढचा विझला नाही तरी चालेल, पत्र्याखाली पाणी नीट पोचतच नाही. पण मागचा पेटता कामा नये. आधीच्या दोन्ही खेपांना तो पेटला होता. आजही पेटला तर बाबांचे फवारे उतरवून दुसऱ्या कंपनीचे लागणार होते.

धुरावाफेत कॅमेरे आंधळे होत. म्हणून बाजूच्या खोलीतल्या जाड काचेतून बघून काका बाबांना वायरलेसवर सांगत. आज ते काम तिच्याकडे आलं.

“फक्त मागच्या ढिगाकडे बघ,” बाबांनी बजावलं. “पेटला तर ‘पेटला’ म्हण. मी चाचणी थांबवून मोठं पाणी सोडतो. भाषण नको.”

“बाबा, मी काय लहान आहे?”

पुढच्या ढिगाला आग लागली मात्र, तोफ धडाडली. “ज्वाळांचं तांडव सुरू झालं आहे! अग्नीच्या सहस्र जिभा छत चाटत आहेत! अवघा आसमंत पेटला आहे!”

“काय पेटलं?” बाबांचा आवाज चिरकला. “मागचा?”

शेजारी उभ्या काकांनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की सहस्र जिभांपैकी एकही तिच्या कामी येईना.

“न... नाही बाबा. पुढचाच.”

“कार्टे! व्हॉल्व्ह फिरवणार होतो मी!”

मग फवारे सुटले. काचेपलीकडे सगळं राखाडी झालं आणि मागच्या ढिगातून काहीतरी पांढरं वर यायला लागलं. धूर? की वाफ? तिने नाक काचेला चिकटवलं.

“तोफे, बोल. पेटला का?”

हो म्हणावं, तर बाबांची सगळी मेहनत पाण्यात. नाही म्हणावं आणि आतून पेटलेला असला, तर आग पुढे कुठवर जाईल कोण जाणे. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नुसते हात पसरले. तिच्या डोक्यात उपमांची रांग लागली होती, पण त्यातली एकही या कामाची नव्हती.

“बाबा, मला कळत नाहीये.”

हे वाक्य तिने जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

“बरं. ज्वाळा दिसते?”

“नाही.”

“लाकूड काळं पडलंय?”

“कडेला, जरासं. आणि ते पांढरं वर येतं आणि लगेच विरतं.”

“विरतं? नक्की?”

“हे नक्की.”

“मग वाफ असणार. चालू ठेवतो. नजर हलवू नकोस.”

तिने नजर हलवली नाही. नाक बधिर झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण बोलली ती एवढंच, “नाही... अजून नाही... नाही बाबा.”

शेवटी पुढचा ढीग कोसळून नुसता धुमसत राहिला. चाचणीचा निकाल देणाऱ्या तपासणीस बाई हेल्मेट घालून आत गेल्या, मागच्या ढिगात हात घालून चाचपडल्या आणि अंगठा वर केला.

बाबा धावतच खोलीत आले. नखशिखांत भिजलेले, हसू गालात मावत नव्हतं.

“घे, आता कर भाषण! हवं तेवढं!”

तिने तोंड उघडलं. काका कानांत बोटं घालून तयार झाले.

“बाबा,” ती म्हणाली, “प्यायला पाणी आहे का रे कुठे?”