यारेली सोतोची हजेरी

तपासणीवाले येणार म्हटलं की सरकारी कॉलेजाला एकाएकी आठवतं, की आपल्याला भिंती आहेत आणि त्या रंगवायच्या राहिल्यात. इथंही तेच झालं होतं. इर्मा किन्ताना आत आली तेव्हा ओल्या रंगाचा वास थेट नाकात बसला. दारात विभागप्रमुख एवेलिओ सर उभे, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. इर्माबरोबर बाल्देमार होता, तिचा जोडीदार तपासनीस, उत्तरेकडचा, तोंडाचा फटकळ.

"रंग पाहून मार्क देत नाही आम्ही, सर," तो म्हणाला. "पण एवढा लावलाच आहे, तर बघून घेतो."

तपासायची होती कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची पदवी. मान्यता टिकली तर वर्ग चालू. नाही टिकली तर पुढच्या ऑगस्टपासून नवी पोरं घ्यायची नाहीत, आणि आहेत ती बाहेर पडली की खोल्यांना कुलूप. ह्या डोंगरातल्या पोरांना दुसरं कॉलेज म्हणजे राज्याच्या राजधानीत, दिवसभराचा बसचा प्रवास. म्हणजे जाणारच नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, इर्मालाही. आपल्याला ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

तिची कामाची रीत ठरलेली. फायलींवर ती भरवसा ठेवायची नाही, कारण फायली कुठल्याही कॉलेजच्या असोत, गुणी बाळासारख्याच असतात. ती पोरांनी लिहिलेले प्रोग्रॅम उघडायची, हाताला येईल तो, आणि ओळ न् ओळ वाचायची. स्वयंपाकात जसा हात ओळखू येतो तसा इथंही येतो. शेवटच्या वर्षाची एक मुलगी तिला अशीच सापडली. यारेली सोतो. लिहिणं सुटसुटीत, एक ओळ फुकट नाही, आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या तळाला स्वतःपुरती एक टीप: 'आलेच.' आजवर वर्गात सगळ्यांत सरस. आणि ह्या सहामाहीत नापास. दर कामात एकच चूक, आणि ती अशी की पहिल्या वर्षाचं पोरही करणार नाही.

"हिला मला भेटायचंय," इर्मा म्हणाली.

एवेलिओ सरांनी चष्मा काढून पुसला. "आज ती... बघतो."

"आज नाही तर उद्या. सकाळी मी वर्गातच बसते."

"बसा," सर म्हणाले, आणि चष्मा पुन्हा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव यायचं, 'हजर' यायचं, कोणी पेंगत म्हणायचं, कोणी शेंगदाणे चावत. "यारेली सोतो," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "हजर."

इर्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. कोणी ओरडलं नव्हतं. रोजचं काम असावं तसे म्हणाले होते, पेंगणारासुद्धा. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर करडा स्वेटर, समोरचा कॉम्प्युटर चालू, आणि पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. सर पुढच्या नावाला लागले.

ह्या देशात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गायब झालेल्यांची नावं अशीच पुकारतात, मोर्चात, चौकात, फोटो छातीशी धरून, आणि ओ बाकीचे देतात. इर्मानंही दिली होती, परक्यांच्या लेकरांसाठी, उन्हात उभी राहून. पण रोज सकाळी, शेंगदाणे खात, वर्गात? असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तास सुटला तरी ब्रिसेइदा नावाची मुलगी मागं रेंगाळली.

"बाई, तुम्ही तिलाच भेटायचं म्हणालात ना?"

"कधीपासून नाहीये ती?"

"पहिल्या वर्षापासून. संध्याकाळच्या कोंबी गाडीतून फाट्यावर उतरली. तिथनं घर दिसतं, बाई. आई दारातच बसली होती."

"आणि हे प्रोग्रॅम?"

"काम दिलं नाही तर ऑफिसातनं नाव आपोआप जातं. म्हणून पाळ्या लावल्या. अट एकच, ती लिहायची तसंच लिहायचं. एफ्रेनला तर किती वेळा परत पाठवला. म्हटलं, बाबा, यारेली एवढं पाल्हाळ लावत नाही, जा, पुन्हा लिही." ती हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "आता माझं स्वतःचं लिहायला बसले तरी तिचंच येतं. शेवटी 'आलेच' लिहून मोकळी होते. मग खोडते. मला भीती वाटते, बाई. माझा हात कसा होता तेच आठवत नाही."

"मग तिला नापास का करता?"

एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं ब्रिसेइदानं तिच्याकडे पाहिलं. "पास झाली तर जाईल ना. आम्ही जूनमध्ये चाललो. खालच्या वर्गानं शब्द दिलाय, ते सांभाळतील तिला. पण त्यासाठी ती इथं राहायला हवी."

इर्मा त्या खुर्चीच्या शेजारी बसली आणि यारेलीच्या नावावरचं ह्या आठवड्याचं काम तिनं उघडलं. कोंबी थांब्यावर पोहोचेपर्यंत तिची खबर दाखवायची, एवढंच काम होतं. तिनं प्रोग्रॅम चालवला. 'येतेय.' 'येतेय.' 'येतेय.' ओळींखाली ओळी येत राहिल्या, थांबेचनात. चूक उघड होती. उरलेलं अंतर कमी करणारी ओळच मुद्दाम काढलेली. जित्याची खोड, दुसरं काय. विचार न करता इर्मानं ती ओळ भरली आणि पुन्हा चालवला. 'येतेय.' 'येतेय.' 'पोहोचली.'

ब्रिसेइदाच्या घशातून कसलासा आवाज निघाला. दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. नव्या रंगाचा वास तेवढा येत होता. इर्माला स्वतःची लाज वाटली, भीतीही वाटली, आणि तिनं ती ओळ पुसून टाकली.

बाल्देमारनं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टेबलावर पेन आपटत बसला.

"नसलेली विद्यार्थिनी, भलत्यांनी केलेली कामं, खोटे गुण. ह्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. मला काळीज नाही असं समजू नकोस. पण उद्या दुसरीकडे असल्याच नावांवर कोणी अनुदान गिळलं, तर त्याला काय सांगशील?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"शुक्रवारपर्यंत नाव काढा," तो एवेलिओ सरांना म्हणाला. "कामं मागं घ्या. मी लिहीन, चूक होती, दुरुस्त केली. ह्यापलीकडे मला वाकता येत नाही. नाही काढलं तर मान्यता गेली."

"घरच्यांची सही लागते," सर म्हणाले. "मी मागणार नाही. ती नाहीशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली हजेरी मीच घेतली होती. गाळावं म्हटलं नाव, पण जीभच रेटेना. तुम्हीच मागा आता."

मागायची वेळच आली नाही. यारेलीची आई, दोन्या चायो, कॉलेजच्या फाटकाशी गोरदिता विकायची, मक्याच्या जाड भाकऱ्या, पोटात घेवडा नाहीतर चीज भरलेल्या. फाटकावर बसणाऱ्याला सगळं आधी कळतं. ती एप्रनला हात पुसतच वर्गात आली, आणि आधी पोरांवर घसरली.

"नापास? माझी पोरगी? कुठल्या गाढवानं केलं हे?"

एफ्रेन बाकाखाली काहीतरी शोधू लागला.

"जन्मात नापास झाली नाही ती. येऊ दे, एकेकाची पाठ सोलून काढते की नाही बघा." मग ती इर्माकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "बाई, नाव राहिलं तर ह्यांचं कॉलेज बंद पडतंय म्हणे. खरं?"

"खरं आहे."

"आणि काढलं, तर मीच तिला मेली म्हटल्यासारखं होतं का?"

"कागदावर तसं कुठंही लिहिणार नाही, दोन्या चायो."

"कागदाचं कोण विचारतंय?"

इर्मा हातातला सहीचा कागद सरळ करू लागली. दोन्या चायोनं सुस्कारा टाकला.

"माझ्या एकीपायी बाकीच्यांच्या लेकरांचं कशाला मातेरं करू? सही कुठं ते बोट ठेवून दाखवा, चष्मा नाही आणला." सही करून ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "स्वेटर मात्र राहू दे. खिडकीशी सकाळी गार असतं."

शुक्रवारी दोघं तपासनीस मागच्या बाकावर बसले. सरांनी हजेरी सुरू केली. आज कोणी पेंगत नव्हतं. खिडकीजवळचा कॉम्प्युटर बंद होता.

"एफ्रेन सालास."

"हजर."

पुढचं नाव ब्रिसेइदा त्रेहोचं. मधलं नाव आता नव्हतंच. सरांनी तोंड उघडलं, आणि त्यांचा श्वास क्षणभर अडखळला, रोज जिथं ते नाव यायचं तिथंच. तेवढ्यात सगळा वर्ग म्हणाला, "हजर."

तोच आवाज, तितकाच साधा. आपलेही ओठ हलले, हे इर्माला नंतर कळलं. तिनं बाल्देमारकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण लावत होता, आणि ते त्याला लागत नव्हतं.

"ब्रिसेइदा त्रेहो," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा नाव घेतलं, तेव्हा तिनं ओ दिली.

निघताना इर्मा फाटकाशी थांबली. दोन्या चायो तव्यावरची गोरदिता उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"काढलं?"

"काढलं."

"मग? ओ दिली कुणी?"

"सगळ्यांनी दिली."

दोन्या चायोनं मान हलवली. गोरदिता कागदात गुंडाळली, इर्माच्या हातात ठेवली, आणि मग विचारलं, "आणि तिनं?"

कागद चांगलाच गरम होता. इर्मानं तो तसाच धरून ठेवला.

"अजून नाही," ती म्हणाली.

"बरं," दोन्या चायो म्हणाली, आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला घेवडा की चीज ते विचारू लागली.